बोटीचं डावं-उजवं

"समुद्र माणसाची परीक्षा घेतो," हवामानराव म्हणाले, "आणि जो त्या परीक्षेला उतरतो, त्यालाच तो आपला म्हणतो."

हे त्यांनी बोटीच्या डेकवर उभं राहून, एक हात डोलकाठीला लावून, दूर क्षितिजाकडे बघत म्हटलं. क्षितिजाच्या जागी पत्र्याचं गोदाम होतं. समुद्र त्या गोदामाच्या मागे, आणखी दोन रस्ते ओलांडून. बोट गेली चार वर्षं बोटी दुरुस्तीच्या आवारात जमिनीवरच होती, आघाडी सरकारासारखी चहूबाजूंनी टेकू लावून उभी, आणि तिच्या पोटाखालच्या गवतात एक मांजरी दुसऱ्यांदा बाळंत झाली होती.

"उतरताच आहात तर," खालून बायकोचा आवाज आला, "पॉलिश पेपर घेऊन उतरा. ऐंशी नंबरचा."

समुद्राची परीक्षा तिथेच संपली. हवामानराव पॉलिश पेपर शोधायला केबिनमध्ये शिरले आणि नेहमीच्या जागी डोकं आपटून घेतलं.

हवामानराव हे काही त्यांचं जन्मनाव नव्हे. तीस वर्षं ते रेडिओवर हवामानवृत्त वाचत. आवाज असा की 'तुरळक ठिकाणी' एवढे दोनच शब्द त्यांनी उच्चारले, तर ऐकणाऱ्याला आपण तुरळक ठिकाणी राहतो याची खंत वाटावी. समुद्र खवळलेला राहील, हे तर त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की समुद्रालाही ती आज्ञा वाटत असणार. त्या बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. मच्छीमार ते शांतपणे ऐकून घेत आणि जात. हवामानराव ते वाचून घरी जात. एवढ्या वर्षांत त्या वाक्याचा खरा परिणाम झाला तो एकाच माणसावर, वाचणाऱ्यावर. घोट्याच्या वर समुद्र त्यांच्या अंगाला लागल्याचा पुरावा नव्हता.

बोट त्यांच्या बायकोची होती. म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाची, दादांची. दादांचे गुडघे गेले आणि त्यांनी ती बहिणीला दिली. माहेरून आलेल्या वस्तूला नवऱ्याने नावं ठेवायची नसतात, हा नियम हवामानरावांना ठाऊक होता. माहेरून एरवी पातेली येतात, फार तर शिलाई मशीन येतं. त्यांच्याकडे सव्वीस फुटी, एका शिडाची, लाकडी, ठिकठिकाणी किडलेली बोट आली. त्यांनी नावं ठेवली नाहीत. ते फक्त म्हणाले की आधी नीट दुरुस्त करू.

बायको दातांची डॉक्टर. सगळं आवार तिला डॉक्टरीणबाई म्हणे, नवराही रागावला की तेच म्हणे. दवाखाना भाचीच्या हवाली करून ती निवृत्त झाली, पण तिची हत्यारं निवृत्त झाली नाहीत. लांब दांड्याचा इवलासा आरसा, वाकड्या टोकाची सुई, बारीक ड्रिल, सगळं एका डब्यात घालून ती रोज सकाळी आवारात यायची आणि बोटीच्या फळ्या एकेक करून ठोकून बघायची. ठक आवाज आला तर पुढे, ठप आला तर थांबायची. मग आरसा आत सारून म्हणायची, "कीड लागलीय. खोलवर आहे." किडलेलं कोरून काढायचं, कडा साफ करायच्या, कोरडं करायचं, थराथराने भरायचं. इपॉक्सी नावाचा चिकट डिंक आणि लाकडाचा भुसा मिसळून ती जे मिश्रण करी, त्याला ती फिलिंगच म्हणे. फिलिंग भरून झालं की दोन तास फळीवर भार देऊ नका, असं नवऱ्याला सांगायची. एकदा सवयीने चूळ भरायलाही सांगितलं होतं.

फाटलेलं शीड तिने दात कोरायच्या मेणाच्या दोऱ्याने शिवलं. दवाखान्यातून त्याची दोन खोकी आली होती आणि तसला चिवट दोरा बाजारात नाही, असं तिचं म्हणणं. ते खरंच होतं. फक्त त्यामुळे शिडाला पुदिन्याचा वास यायचा.

शेजारच्या टेकूंवर कप्तान असायचे. कप्तानांचं आयुष्यभर गाद्यांचं दुकान होतं. टोपी मात्र कप्तानाची. त्यांची बोट आवारात इतकी मुरली होती की पोस्टमन त्यांची पत्रं तिथेच आणून देई. ज्याची बोट पाण्यात नसते त्याच्याकडे पाण्याबद्दलचा सल्ला भरपूर असतो. "लाकडाला घाई चालत नाही," असं ते रोज सांगत, आणि हवामानरावांना त्यांच्याइतका विचारी माणूस उभ्या आवारात दिसत नसे.

कारण हवामानरावांना घाई नव्हतीच. बोटी उचलून पाण्यात सोडणारी क्रेन आवारात वर्षातून दोनदा येई. ती यायच्या सुमारास हवामानरावांना हमखास काहीतरी सुचे. पहिल्या वेळी त्यांना वाटलं, व्हार्निशचा आणखी एक हात हवा. मग केबिनला पडदे हवे होते. मग वायुभारमापक ठेवायला एक फळी, आणि फळी झाली की वायुभारमापक तिच्यावर बसेना, म्हणून दुसरी फळी. पुढे पिण्याच्या पाण्याची टाकी आली, चांगली गच्च भरेल अशी, बोटीच्या नाकाकडच्या कप्प्यात. दर वेळी क्रेन यायची, इतरांच्या बोटी लटकवत न्यायची, आणि हे दोघं खाली उभं राहून बघायचे. बायको मग डब्यातली हत्यारं पुसून ठेवायची.

यंदा दादांचा फोन आला.

दादा खाडीच्या पलीकडे राहत. धक्क्याच्या वरच्या अंगाला त्यांचं घर, आणि खिडकी पाण्याकडे. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न कायम एकच असे: मधला खण नीट उघडतो ना? केबिनमधल्या टेबलाखाली एक खण होता, त्याबद्दल. हा प्रश्न बायको दर वेळी कौतुकाने नवऱ्याला ऐकवायची. माणूस किती हळवा असावा, बोट देऊन टाकली तरी एका खणाची काळजी. हवामानरावांनी तो खण तीनदा व्हार्निश केला होता. त्यात दादांच्या जुन्या बारीकसारीक वस्तू होत्या: एक शिट्टी, सुतळीची गुंडी, चष्म्याचं घर, एक भक्कम जुनं नेलकटर. नेलकटर हवामानरावांनी वायरींची सालं सोलायला काढलं होतं. त्या कामाला इतकं चांगलं हत्यार त्यांच्या हाताला दुसरं लागलं नव्हतं.

पण यंदा खणाचं विचारून झाल्यावर दादांनी दुसरी गोष्ट सांगितली. डोळ्यांच्या मधोमध धुरकट ठिपका आला होता, तो पसरत होता. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माणसाचं तोंड बघायचं तर त्याच्या शेजारच्या भिंतीकडे बघावं लागतं. परवा डॉक्टरांकडे बघायला म्हणून ते कपाटाकडे बघून बोलत होते आणि डॉक्टरांनी उठून कपाट तपासलं. हे सांगून दादा स्वतःच हसले. मग म्हणाले, "चिमणे, पांढरं शीड तेवढं अजून ओळखू येईल. पुढच्या खेपेचं मी सांगत नाही. आणायची असेल तर या क्रेनला आण."

फोन ठेवून बायको बराच वेळ बोटीकडे बघत बसली. ती सुकाणू धरायला शिकली ती याच बोटीवर, दादांच्या पुढ्यात बसून, पाय खाली टेकत नव्हते तेव्हा. मग ती उठली आणि नवऱ्याला म्हणाली की क्रेन पुढच्या आठवड्यात येते आहे, आणि या वेळी आपण खाली उभं राहून बघणार नाही.

हवामानराव बरं म्हणाले. आणि त्याच श्वासात म्हणाले की एकच गोष्ट राहिली आहे. पाणी किती खोल आहे ते सांगणारं यंत्र. खोली माहीत नसताना पाण्यात जाणं म्हणजे विहिरीत उतरून मग दोर मागण्यासारखं. यंत्र घरात येऊन पडलंच आहे, वायरी सोलून तयार आहेत, फक्त त्याचा डोळा बसवायला बोटीच्या तळाला एक भोक पाडावं लागेल.

बुडू नये म्हणून बोटीला भोक पाडायचं, या युक्तिवादाकडे बायको थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, हे शेवटचं. त्यांनी शपथेवर सांगितलं की शेवटचं.

भोक पाडायच्या दिवशी सकाळी ती आत होती, टाकी काठोकाठ भरून कुठे झिरपते का ते आरशाने तपासत. नाकाकडे दोन कप्पे होते. उजव्यात ही टाकी, डावा रिकामा. तिने आतूनच ओरडून सांगितलं की डावीकडे पाडा, नाकापासून दोन हात मागे. हवामानरावांनी स्टूल बोटीच्या नाकासमोर टाकलं, बोटीकडे तोंड करून बसले, दोन हात मोजले, ड्रिलला गोल करवत लावली आणि डावीकडे भोक पाडलं. भोक सुरेख झालं. मोठ्या लिंबाएवढं, अगदी गोल, कडा स्वच्छ. त्यांच्या हातून आजवर इतकं नेटकं काम झालं नव्हतं.

त्यातून पाणी आलं.

आधी धार, मग लोट, थेट त्यांच्या मांडीवर. थंडगार, स्वच्छ, पिण्यायोग्य. बोटीखालून मांजरी पिल्लं तोंडात धरून एकेक करून बाहेर नेऊ लागली. कप्तान टोपी काढून आले, बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले की बोटीत पाणी शिरताना त्यांनी पुष्कळ पाहिलंय, बोटीतून पाणी गळताना आज पहिल्यांदाच.

बायको शिडीवरून खाली आली. तिने भोक पाहिलं. मग नवरा पाहिला.

"मी डावीकडे म्हटलं होतं."

"डावीकडेच पाडलंय."

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या," हवामानराव म्हणाले. "मी पाडतोय, तर दुसऱ्या कुणाच्या?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं. दातांचा डॉक्टर रोग्यासमोर उभा असतो, पण डावं-उजवं मोजतो ते रोग्याचं. डावी दाढ म्हणजे रोग्याची डावी. हा नियम मोडला तर चांगला दात हातात येतो. तीस वर्षं हे पाळल्यावर ती नवऱ्यालाही 'तुमच्या उजव्या खिशात' म्हणताना आधी मनातल्या मनात त्याच्या जागी उभी राहायची. बोटीचं नाक म्हणजे तिच्या लेखी रोग्याचं नाक. तिचं डावं म्हणजे बोटीचं डावं. आणि हवामानराव आयुष्यभर एका मायक्रोफोनसमोर एकटे बसलेले. तिथे डावं-उजवं एकाचंच असतं. इतक्या वर्षांच्या संसारात हा फरक कधी उघडकीला आला नव्हता, कारण त्यांनी तोवर मिळून कशालाच भोक पाडलं नव्हतं.

बायको उपड्या बादलीवर बसली. तिने आवाज चढवला नाही.

"मुद्दाम केलंत?"

हवामानरावांनी नाही म्हटलं. खरंच नाही. पण ज्या माणसाने पडदे, फळ्या आणि व्हार्निशचे हात पुढे करून चार वर्षं काढली, त्याचं 'नाही' किती वजनाचं असणार? आयुष्यात पहिल्यांदा ते पूर्ण निर्दोष होते आणि साक्षीला मांजरीशिवाय कुणी नव्हतं. बायको पुढे काही बोलली नाही. दातांच्या डॉक्टरशी संसार केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. ती बडबडत असते तोवर भिण्याचं कारण नसतं. ती गप्प झाली की आता दुखणार.

त्या संध्याकाळी हवामानराव स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून गोल करवतीतून निघालेली लाकडाची चकती हातात फिरवत होते. चांगलं, निरोगी लाकूड. त्यात कीड नव्हती. कीड कुठे होती ते त्यांना पुरतं माहीत होतं. दादांना फोन करून या खेपेला जमणार नाही हे कुणीतरी सांगावं लागणार होतं, आणि तो फोन करायचा आवाज त्यांच्याकडे नव्हता, इतका मोठा आवाज असून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने गुट्टी आणली. भिंतीत खिळा ठोकायला आपण लाकडाची गुट्टी बसवतो, तशीच, फक्त लिंबाएवढी, त्याच जातीच्या लाकडाची, किंचित निमुळती. रात्रभरात तिने ती रंध्याने आणि काचपेपरने करून ठेवली होती. योजना तिने मोजक्या शब्दांत सांगितली. टाकी काढून टाकायची. भोकाच्या कडा तासायच्या. हवामानरावांनी आत कप्प्यात शिरून आतल्या बाजूने एक जाड फळकूट धरायचं, ती बाहेरून इपॉक्सी लावून गुट्टी ठोकणार. "दात काढलाय तर बसवायलाही लागणार," ती म्हणाली. आदल्या दिवसापासून कामापलीकडे ती एवढंच बोलली होती.

कप्पा मुळात टाकीसाठी होता, माणसासाठी नव्हता. हवामानराव गुडघे हनुवटीला लावून आत बसले. अंधार, जुन्या लाकडाचा आणि डिंकासारखा वास, आणि समोर लिंबाएवढा उजेड. त्या उजेडात बायकोचा एक डोळा आला.

"अहो," डोळा म्हणाला नाही, पण तिथूनच आवाज आला, "हे एकदा बंद झालं की बोलता यायचं नाही. काय ते आत्ता बोला."

हवामानरावांनी घसा साफ केला. रेडिओवर बसल्यासारखं त्यांना वाटलं असावं. अंधारी खोली, समोर गोल भोक, पलीकडे ऐकणारं कुणीतरी.

"भोक मुद्दाम नाही पाडलं," ते म्हणाले. "बाकीचं सगळं मुद्दाम."

डोळा भोकाच्या आणखी जवळ आला.

"पडदे मुद्दाम. फळी मुद्दाम. दुसरी फळीही, वायुभारमापक पहिलीवर बसत होता. टाकी मुद्दाम. मला भीती वाटते. रोज संध्याकाळी वाचायचो, जाऊ नये, जाऊ नये. दुसऱ्यांना सांगता सांगता माझ्याच अंगात ते मुरलं."

"माहीत आहे," बायको म्हणाली.

"कधीपासून?"

"पडद्यांपासून. बोटीला पडदे कशाला? मासे डोकावतात?"

"मग बोलली का नाहीस?"

"घाबरलेल्या माणसाच्या तोंडात हात घालायचा नसतो. चावतो."

हवामानराव अंधारात हसले, मग त्यांना हसावंसं वाटेना. ते म्हणाले की तिने दादांच्या डोळ्यांबद्दल सांगितलं त्या दिवशीही त्यांनी यंत्राचं काढलं, आणि त्याची त्यांना लाज वाटते. बायकोने हातातली गुट्टी फिरवून पाहिली. मग तिने विचारलं की जे मच्छीमार गेले आणि संध्याकाळी परत आले, त्यांच्याबद्दल त्यांनी कधी वाचलं होतं का.

"ते बातम्यांत येत नाही," हवामानराव म्हणाले.

"येत नसलं तरी ते येतात," ती म्हणाली. "फळकूट घट्ट धरा."

तिने इपॉक्सी लावली आणि गुट्टी ठोकली. लिंबाएवढा उजेड चंद्रकोरीएवढा झाला, नखाएवढा झाला, मग गेला. आतून हवामानराव काहीतरी सांगत राहिले. तिला वाटलं, अजून मन मोकळं करताहेत, करू द्यावं. ती हत्यारं पुसून, कडांवरची इपॉक्सी टिपून, कप्तानांशी दोन शब्द बोलून निवांत शिडी चढून वर आली तेव्हा कळलं की त्यांच्या सदऱ्याची बाही फळकुटाला चिकटली आहे आणि ते ती सोडवा म्हणून सांगताहेत. इपॉक्सी तोवर दगड झाली होती. तिने कात्रीने बाही कापली. कफ आणि बटण बोटीतच राहिलं, ते अजूनही तिथे आहे. बोटीशी हवामानरावांचं नातं जुळलं ते असं.

बाहेर आल्यावर, एका बाहीचे, ते म्हणाले की यंत्र राहू दे. आता दुसरं भोक नको. बायकोने त्याऐवजी एका जाड सुतळीला गवंड्याचा ओळंबा बांधला आणि हाताहातावर गाठी मारल्या. ओळंबा तळाला लागला की गाठी मोजायच्या. हवामानरावांनी तो मग तीनदा बादलीत सोडून बघितला. बादली अर्ध्या गाठीएवढी खोल निघाली.

क्रेन आली. क्रेनवाल्याने विचारलं की कुठला पट्टा आधी ताणू, डावीकडचा की उजवीकडचा. दोघांनी एकदम उत्तर दिलं आणि दोघांनी वेगवेगळं दिलं. मग हवामानराव उठून बोटीच्या शेपटाकडे गेले, बोटीच्या तोंडाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले, थोडा विचार केला, आणि म्हणाले, "ती म्हणते ते."

बोट पाण्यात उतरली आणि लगेच गळू लागली. वाळलेलं लाकूड पाण्यात फुगेपर्यंत असंच होतं. ते दोघं पाणी उपसत राहिले, कप्तान धक्क्यावरून लाकडाला घाई चालत नाही हे सांगत राहिले, आणि या वेळी ते बरोबर होते. दोन दिवसांनी फळ्या फुगल्या आणि गळती थांबली. त्या दोन दिवसांत चहूकडून पाणी आलं. गुट्टीतून मात्र थेंब आला नाही. बायको आरसा घालून घालून ती बघायची, आणि नवऱ्यालाही बोलावून दाखवायची.

निघायच्या दिवशी सकाळी वारा हलका होता. बायको सुकाणूशी बसली. आता तिचे पाय खाली टेकत होते. दोर सोडायचं काम हवामानरावांकडे होतं. धक्क्याच्या खुंटाला एक वेढा, तो काढला की झालं. त्यांनी दोर धरला आणि ते उभेच राहिले. त्यांनी आकाश पाहिलं, पाणी पाहिलं, गोदामाचं छप्परही पाहिलं. ती काही म्हणाली नाही. ही गप्प राहण्याची दुसरी जात होती, त्यांनी ती आज प्रथमच ओळखली.

मग त्यांनी घसा साफ केला, आणि त्या आवाजात, ज्या आवाजाने तीस वर्षं माणसांना घरी बसवायचा प्रयत्न केला होता, ते म्हणाले:

"हवामानवृत्त. वारा बेताचा. लाटा बेताच्या. वाचणारा घाबरलेला, तुरळक ठिकाणी. समुद्रात..." इथे ते अडखळले, कारण पुढचं वाक्य जिभेला नवीन होतं. "समुद्रात जावे."

धक्क्यावर जाळं निवडत बसलेल्या एका मच्छीमाराने मान वर केली. तो आवाज त्याने ओळखला असावा. त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं आणि आदराने, किंवा अविश्वासाने, टोपी काढली.

हवामानरावांनी दोर सोडला. खाडी पार करायला फार वेळ लागत नाही, पण त्यांना तो पुरेसा लागला. पहिला भाग त्यांनी डोलकाठीला मिठी मारून काढला. मधल्या भागात ते ओळंबा सोडून गाठी मोजू लागले आणि मोठ्याने सांगू लागले, आणि चार गाठींनंतर तळ लागेना तेव्हा "भरपूर" असं सांगू लागले. शेवटच्या भागात ते काहीच न धरता उभे होते. बायकोने ते पाहिलं आणि त्यांना सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी पुन्हा धरलं असतं. शीड वाऱ्याने भरलं होतं, उन्हात पांढरं झालं होतं, आणि सगळ्या खाडीवर पुदिन्याचा मंद वास पसरला होता.

पलीकडच्या धक्क्याच्या वर खिडकी दिसू लागली. खिडकीत दादा बसले होते. त्यांचं तोंड बोटीकडे नव्हतं. ते बोटीच्या बरंच शेजारी, रिकाम्या पाण्याकडे, एकटक बघत होते.

"अगं, त्यांना दिसत नाहीये," हवामानराव हळूच म्हणाले. "ते भलतीकडे बघताहेत."

"भलतीकडे बघताहेत," बायको म्हणाली, "म्हणजेच दिसतंय."

तिने सुकाणू जरा वळवलं. बोट खिडकीच्या समोरून आडवी सरकली, आणि दादांची मान तिच्याबरोबर हळूहळू वळत गेली, तितकंच अंतर राखून, बोटीच्या एका लांबीइतकं पुढे. त्यांनी हात वर केला. तो हात रिकाम्या पाण्याला दाखवलेला होता, पण दोघांनीही त्याला उत्तर दिलं. हवामानरावांनी दोन्ही हात वर केले, एक बाहीचा आणि एक बिनबाहीचा, कारण त्यांनी मुद्दाम तोच सदरा घातला होता.

मग फोन वाजला. बायकोचे हात सुकाणूवर, म्हणून तो हवामानरावांनी उचलला आणि दोघांना ऐकू यावं असा धरला. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास येत राहिला.

"दिसली," दादा शेवटी म्हणाले. "अख्खी दिसली. शिडाला खालच्या अंगाला शिवण घातलीय ना? तीही दिसली."

बायको फोनकडे बघून मान हलवत राहिली. हवामानराव म्हणाले की हो, शिवण आहे, तिनेच घातली आहे.

पुन्हा श्वास. काहीतरी मोठं, मनातलं, चार वर्षं साठवलेलं येणार हे दोघांनाही कळलं. हवामानरावांनी नकळत पाठ ताठ केली.

"चिमणे," दादा म्हणाले, "मधल्या खणात माझं नेलकटर आहे. धक्क्याला लागलात की तेवढं वर घेऊन ये."